डावा कॅमेरा आधी

नांदुऱ्याच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये मी दोन कॅमेरे बसवले आणि ते बसवताना एक खोटं बोललो. ते एका ओळीचं होतं आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही. पण त्या कापसाच्या हंगामात मी ज्या भीतीत वावरलो ती सगळी त्या एका ओळीतून आली होती. आज लिहितोय, कारण तोंडी जेवढं कबूल केलं त्यातही मी एक गोष्ट वगळली होती.

स्टेशनकडून बाजारात जाणाऱ्या रस्त्यावर माझं दुरुस्तीचं दुकान आहे. विहिरीवरच्या मोटारींचे स्टार्टर, मिक्सर, टीव्ही, इन्व्हर्टर, जे येईल ते. पंचेचाळिशी उलटल्यावर मला मोबाईलवरचे व्हिडिओ पाहून नवीन काही शिकायची हौस आली आणि मी एक बोर्ड मागवला. तळहाताएवढी हिरवी पाटी, पण आत संगणक. तिला कॅमेरा जोडता येतो, कॅमेऱ्याला काय दिसतंय ते तिला समजावता येतं आणि त्यावरून एखादी मोटार बंद-चालू करता येते. घरचा टीव्ही दोन महिन्यांपासून बंद होता. बायको म्हणायची, गावाचे टीव्ही दुरुस्त करून झाले की आपलाही नंबर लावा, हवं तर पावती फाडून घेते. तरी मी त्या बोर्डासमोरच बसायचो.

कॅमेऱ्यासमोर हात नेला की टेबलावरचा बल्ब विझायचा. जिनिंगचे शेठ एकदा स्टार्टर घेऊन आले होते, त्यांनी ते पाहिलं. दोन-तीनदा स्वतः हात पुढंमागं केला. मग विचारलं, बल्बच्या जागी मशीन असेल तर तेही थांबेल का? मी थांबेल म्हणालो. जिल्ह्यातल्याच दुसऱ्या एका जिनिंगमध्ये वर्षभरापूर्वी एका बाईची दोन बोटं गेली होती. शेठच्या मनात तेच होतं, आणि ते चांगलंच होतं. त्यांना मी दोष देत नाही.

तिथलं काम असं चालतं. कापूस एका रुंद पट्ट्यावरून सरकत येतो. पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना बाया बसतात आणि पाला, सुतळी, प्लास्टिकचे तुकडे वेचून काढतात. पट्टा संपतो तिथं मशीनचं तोंड. आत खिळ्यांचा ड्रम फिरत असतो, तो कापूस पिंजून पुढं ढकलतो. एखादी सुतळी आत गेली तर तिचे तंतू तंतू होऊन रुईत मिसळतात आणि दाबून बांधलेली रुईची गाठ खराब निघते. म्हणून मुकादम ओरडतो, आणि म्हणून शेवटच्या क्षणी दिसलेल्या सुतळीमागे हात तोंडापर्यंत जातो. अशी दोन मशीनं शेजारी शेजारी होती, डावं आणि उजवं.

डाव्या मशीनच्या तोंडाशी बसणाऱ्या वहिनी आमच्याच गल्लीतल्या. माहेर संग्रामपूरकडचं. नवऱ्याला दम्याने घरी बसवलेलं, घर त्यांच्या एकटीच्या हातांवर चालायचं. ज्या बाईची बोटं गेली तिच्या शेजारीच त्या तेव्हा बसलेल्या होत्या. त्या दिवसाबद्दल त्यांनी कधी सविस्तर सांगितलं नाही. एकदाच म्हणाल्या होत्या, की आवाज काहीच झाला नाही. पुढं त्या नांदुऱ्याच्या जिनिंगमध्ये आल्या, पण तोंडापासून हातभर मागं बसायच्या. सुतळी पुढं गेली तर जाऊ द्यायच्या आणि मुकादमाच्या शिव्या खायच्या.

मी दोन कॅमेरे घेतले, एकाच बनावटीचे, कारण ते सोबत मिळत होते. एक डाव्या तोंडावर, एक उजव्या तोंडावर, दोघांच्या वायरी मधल्या खांबावरच्या डब्यात, डब्यात बोर्ड. कॅमेऱ्याच्या चित्रात तोंडाच्या अलीकडे मी एक रेघ आखली. डाव्या कॅमेऱ्याला तिच्यापुढं हात दिसला तर डावं मशीन थांबणार, उजव्याला दिसला तर उजवं. इतकं साधं.

दुकानात टेबलावर जोडणी करून पाहत होतो तेव्हा एका सकाळी मी डाव्या कॅमेऱ्यासमोर हात धरला आणि उजवीकडचा बल्ब विझला. मला हसू आलं. वाटलं, वायरी उलट्या लागल्या असतील. पण वायरी बरोबर होत्या. बोर्ड बंद करून पुन्हा चालू केला तर सगळं सुरळीत. पुन्हा बंद-चालू केला, पुन्हा सुरळीत. आणखी काही वेळा केलं आणि परत उलटं. मग कळलं. दोन्ही कॅमेरे जुळ्या भावांसारखे, आतला नंबरही एकच. बोर्ड जागा झाला की जो कॅमेरा आधी हाक देईल त्याला तो पहिला म्हणायचा. बहुतेक वेळा डावा आधी हाक द्यायचा. नेहमी नाही.

यावर इलाज आहे हे मी वाचलं होतं. कॅमेरा कोणत्या खाचेत लावलाय त्यावरून बोर्डाला ओळखायला शिकवता येतं. पण ते सगळं इंग्रजीत होतं. मी दोन संध्याकाळी प्रयत्न केला, दुसऱ्या संध्याकाळी बोर्ड चालूच होईना, सगळं पुसून पहिल्यापासून भरावं लागलं. दसरा जवळ आला होता. शेठनी मशीनची पूजा ठेवली होती, आणि माझे कॅमेरे त्या दिवशी लोकांना दाखवायचे होते.

तेव्हा मला एक युक्ती सापडली. बोर्ड चालू झाला की दोन्ही वायरी उपटायच्या. डावी आधी लावायची. दहा आकडे मोजायचे. मग उजवी. असं केलं की कधीच चूक होत नव्हती. पूजेच्या दिवशी मी तेच केलं, डावं मशीन डाव्यासाठी थांबलं, उजवं उजव्यासाठी, लोकांनी टाळ्या वाजवल्या. शेठनी माझ्या गळ्यात हार घातला.

आता प्रश्न लाइटचा होता. आमच्याकडे दिवसातून दोन-तीनदा लाइट जाते, जनरेटर लागतो, पुन्हा लाइट येते, आणि दर वेळी बोर्ड नव्यानं चालू होतो. म्हणजे दर वेळी कुणीतरी वायरी काढून लावायला हव्यात. ते काम मी तिथल्या फिटर चाचांना शिकवलं. साठीचा माणूस, सगळी हयात मशीनच्या तेलात गेलेली. आम्ही सगळे त्यांना चाचाच म्हणतो. त्यांनी दोनदा करून दाखवलं आणि विचारलं, "पन हे कायले करायचं?"

शेठ दोन हात अंतरावर उभे होते. माझ्या गळ्यातला हार अजून ओला होता.

"कॅमेरे गरम होतात," मी म्हणालो. "थोडा दम द्यावा लागतो त्यांना."

चाचांनी मान हलवली. गरम होणारी यंत्रं त्यांना ठाऊक होती. कारण पटलं.

पंधरा-वीस दिवसांनी मी सहज जिनिंगमध्ये गेलो. वहिनी तोंडाच्या अगदी जवळ बसल्या होत्या, इतक्या जवळ मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. पुढं झुकून भराभर सुतळी वेचत होत्या. मुकादम म्हणाला की आता डाव्या मशीनची रुई जास्त स्वच्छ निघते. मी वहिनींना म्हटलं, जरा मागं बसा. त्या हसल्या.

"कॅमेरा पाहून राह्यला ना, भाऊ. तुमचाच हाये."

तिथून भीती सुरू झाली. आधी बारीक होती. दुकानात लाइट गेली की माझा हात थांबायचा, सोल्डरिंगचं टोक कुठं टेकलंय याचं भान राहायचं नाही. लाइट आली की मनात दहा आकडे मोजले जायचे. चाचांनी काढल्या असतील का? डावीच आधी लावली असेल ना? मी फोन करायचो. मशीनच्या आवाजात चाचा ओरडून हो म्हणायचे. फोन इतके वाढले की एकदा ते म्हणाले, "भाऊ, सुनबाई माहेरी गेल्यावर बी कोनी एवढी चौकशी नाई करत." मागं बाया हसल्याचं ऐकू आलं. मीही हसलो. त्या वेळी खरं सांगून टाकणं किती सोपं होतं. मी फोन ठेवला.

पौषातली थंडी होती. सकाळी नऊच्या सुमारास लाइट गेली आणि थोड्या वेळात आली. मी फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. समोर जानेफळहून आलेले एक गृहस्थ स्टार्टर घेऊन बसले होते, त्यांना परतीची बस गाठायची होती. मी त्यांचा स्टार्टर उघडला. जिनिंग माझ्या दुकानापासून मोटारसायकलवर पाच मिनिटं. मी गेलो नाही.

दुपारी चाचा स्वतःच दुकानात आले. चहा प्यायले. मग म्हणाले की तुमच्या कॅमेऱ्यानं आज गंमत केली. उजव्या मशीनजवळ कोणाचा हातही नव्हता आणि ते आपोआप थांबलं. मुकादम म्हणाला, कॅमेऱ्याला डुलकी लागली. सगळे हसले, मशीन पुन्हा चालू केलं.

मी विचारलं, सकाळी लाइट आल्यावर वायरी काढल्या होत्या का?

"आज तं एवढी थंडी पडून राह्यली," चाचा म्हणाले. "कॅमेरे कायचे गरम होतात? म्हनून नाई काढल्या."

त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. मी दिलेल्या कारणाप्रमाणे ते बरोबरच वागले होते.

मी त्यांच्याबरोबर तसाच गेलो, वायरी काढल्या, डावी लावली, उजवी लावली. दहाऐवजी वीस आकडे मोजले. वहिनी जेवायला बाहेर बसल्या होत्या, बायांशी बोलत होत्या, दोन्ही हात भाकरीवर. मी ते हात पाहिले. मग आज कॅमेरे बंद आहेत, बायांना मागं बसवा, असं चाचांना सांगून बोर्डच काढून दुकानात आणला. मशीन थांबलं की त्या क्षणाच्या पुढंमागचे फोटो बोर्ड साठवून ठेवतो.

फोटोंवर नाव उजव्या कॅमेऱ्याचं होतं. पण त्यात दिसत होतं डाव्या मशीनचं तोंड. हिरव्या बांगड्या, कापसाच्या केसांनी पांढरं झालेलं मनगट आणि दोन बोटांच्या चिमटीत सुतळी. मी जिथं रेघ आखली होती, तिच्यापुढं हात वीतभर गेलेला. पुढच्या फोटोत हात बाहेर. दोन्ही फोटोंमध्ये डावा ड्रम फिरताना धूसर दिसत होता. कॅमेऱ्यानं वहिनींचा हात पाहिला होता आणि थांबवलं होतं शेजारचं मशीन.

मी फोटो बंद केला. आणि तेव्हा त्याहून वाईट गोष्ट सुचली. वहिनींना काहीच कळलेलं नव्हतं. त्यांचं मशीन थांबलं नाही, याचा अर्थ त्यांनी असा घेतला असणार की एवढ्यापर्यंत चालतं. उद्या त्या तेवढा हात बिनधास्त नेतील, आणि परवा अजून बोटभर पुढं.

त्याच दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून मी बोर्ड शिकवायला बसलो. खाचेवरून कॅमेरा ओळखायचा, नंबरावरून नाही. ज्याला मी घाबरून सोडून दिलं होतं ते काम दिवस मावळायच्या आत झालं. बोर्डात फक्त चार ओळी लिहायच्या होत्या. कितीही वेळा बंद-चालू केलं तरी डावा तो डावाच राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी काम सुरू व्हायच्या आधी जाऊन मी बोर्ड बसवला. चाचांना म्हटलं, आता वायरी काढायची गरज नाही, कॅमेरे सुधारले. हेही खोटंच.

मग तीन दिवस मी काही बोललो नाही. स्वतःला सांगत राहिलो की आता सगळं नीट आहे, मग सांगून काय होणार? शेठना काय वाटेल, बाजारात काय बोलतील? पण रोज सकाळी काहीतरी निमित्त काढून मी त्या खांबाशी जाऊन उभा राहायचो. वहिनींचा हात पुढं गेला की मी ड्रमकडे पाहायचो. मशीन बरोबर होतं तरी पाहायचो, कारण मीच बांधलेल्या वस्तूवर माझा विश्वास उरला नव्हता.

चौथ्या दिवशी वहिनींनी एका प्लास्टिकच्या तुकड्यामागे हात नेला आणि डावं मशीन थांबलं. जसं थांबायला हवं तसंच. त्यांनी चमकून माझ्याकडे पाहिलं.

"आज लवकर थांबलं, भाऊ. परवा तं याच्याऊन आत गेला होता हात."

डावं मशीन थांबल्यामुळे आवाज उतरला होता. सगळ्या बाया ऐकत होत्या. चाचा मशीन पुन्हा चालू करायला निघाले होते, त्यांना मी थांबा म्हटलं. आणि सांगितलं. जुळे कॅमेरे, लाइट गेल्यावर होणारी अदलाबदल, वायरींचं खरं कारण, त्या सकाळचा फोटो. सांगताना मी खाली पट्ट्यावरच्या कापसाकडे पाहत होतो.

वहिनींनी विचारलं, म्हणजे त्या दिवशी कॅमेरा पाहत नव्हता का? मी म्हणालो, पाहत होता, तुमचा हात त्याला दिसला होता, पण त्यानं बाजूचं मशीन थांबवलं. त्यांनी उजव्या मशीनकडे पाहिलं, मग आपल्या हाताकडे. 

बोलले ते चाचा, आणि हळू आवाजात. "मले काऊन नाई सांगतलं? म्या थंडी पाहून सोडलं. या बाईचा हात गेला असता तं माह्या हातानं गेला असता, भाऊ. मेल्यावर बी सुटका नव्हती माही."

मी चुकलो म्हणालो. पण जे म्हणालो नाही ते इथं लिहितो. त्या तीन दिवसांत एकदा, एकदाच, माझ्या मनात आलं होतं की काही झालं असतं तर लोकांनी आधी हेच विचारलं असतं की वायरी कोणी काढल्या नाहीत. आणि ते मनात आल्यावर मला क्षणभर बरं वाटलं होतं. चाचा अजून मला ईदला घरी बोलावतात. मी जातो. त्यांच्या डोळ्यांत पाहून शीरखुर्मा खाणं मला जमत नाही.

"आता नीट हाये?" वहिनींनी विचारलं.

नीट आहे म्हणालो. कशावरून, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं की पन्नासदा तपासलंय. कशानं तपासलं, हा त्यांचा पुढचा प्रश्न. रबरी हातमोज्यात कापूस भरून तो काठीला बांधतो, हे सांगताना माझं मलाच ओशाळं वाटलं.

"तुमचा हात घाला," त्या म्हणाल्या.

मुकादम मध्ये बोलायला लागला की भाऊंना कशाला, मीच काठीनं दाखवतो. वहिनींनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. त्या उठून बाजूला झाल्या. मी त्यांच्या जागेवर बसलो. चाचांनी माझ्याकडे पाहून विचारलं, चालू करू? मी मान हलवली.

ड्रम फिरायला लागला. त्या जागेवर मी याआधी कधी बसलो नव्हतो. तीन महिने तिथं यंत्र लावून बसलो होतो आणि तिथून ते तोंड कसं दिसतं हे मला माहीत नव्हतं. वारा उलटा होता, आत ओढून घेणारा. पट्ट्यावरचा कापूस पुढं जाताना शेवटच्या वितीत एकदम वेग घ्यायचा आणि नाहीसा व्हायचा. बाही फडफडली, ती मी कोपरापर्यंत गुंडाळली. हात पुढं नेला. बोटं गार पडली होती. डोक्यात बोर्डावरच्या त्या चार ओळी एकामागून एक येत होत्या आणि प्रत्येक ओळीत मला चूक दिसत होती. रेघ कुठं होती हे मलाच आठवेना. मी हात आणखी पुढं नेला.

मशीन थांबलं. ड्रम आपल्याच वेगानं दोन-तीन फेरे फिरला आणि स्थिर झाला. माझी बोटं त्याच्यापासून हातभर लांब होती. इतकी लांब असूनही मला ती तिथंच गेल्यासारखी वाटली होती.

वहिनी माझ्या चेहऱ्याकडे पाहत होत्या.

"डोये काऊन मिटले, भाऊ?"

भीती वाटली म्हणालो. दुसरं काही सांगण्यासारखं नव्हतं.

"मले बी वाटे," त्या म्हणाल्या. "रोज वाटे. म्हनून हात मांगं राहे. तुमी कॅमेरा लावला अन् ते गेलं."

आवाजात राग नव्हता. त्यांनी आपलं पाण्याचं भांडं उचललं आणि पट्ट्याच्या पार मागच्या टोकाला, जिथं कापूस नुकताच पडतो तिथं, जाऊन बसल्या. मुकादम म्हणाला की तिथं दुसऱ्या बायांच्या जागा आहेत. एका बाईनं सरकून त्यांना जागा दिली आणि मुकादमाला सांगितलं की त्या तोंडाची तुले एवढी काळजी असंन तं तूच बस.

दुपारी मी शेठना सगळं सांगितलं.  त्यांनी विचारलं की कापसापुरती फट ठेवून तोंडावर लोखंडी जाळी बसवली तर हात आत जाईल का? नाही जाणार म्हणालो. हे तू आधी का नाही सांगितलंस, असं त्यांनी विचारलं. मी कॅमेरेवाला होतो, मला जाळी सुचलीच नव्हती. एखादी सुतळी जाईल, असं मी म्हणालो. शेठ म्हणाले, जाऊ दे.

जाळी तयार होऊन यायला आठ दिवस लागले. हंगाम भरात होता, मशीन बंद ठेवता येत नव्हतं. वहिनींच्या रिकाम्या जागेवर बाहेरगावाहून नुकतीच आलेली एक बाई बसवली. तिला आधीचं काही माहीत नव्हतं. मी दुकान उशिरा उघडायला लागलो आणि सकाळी खांबाशी उभा राहायला लागलो. पहिल्याच दिवशी तिनं वर कॅमेऱ्याकडे बोट करून मला विचारलं, हा मशीन थांबवते म्हंतात, खरं का?

मी तिला तोंडापासून मागं सरकायला सांगितलं. ती दोन वीत सरकली. अजून, म्हटलं. ती अजून सरकली.

"थांबवतो," मी म्हणालो. "पण तो इथं नाहीच, असं समजून बसा."